न पुकारलेला संप

२०१३ च्या एप्रिलमध्ये माझी भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले, म्हणून ती नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलला आमच्याकडे राहून अभ्यास करत होती. दिवसातून तीनदा तरी विचारायची, "मामा, पेपर होणार का?" मला उत्तर देता येत नव्हते. राज्यभरच्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता आणि मुंबईतल्या बैठकांमधून रोज वेगळी बातमी येत होती. पेपर लांबले तर ती मजुरीला जाऊ शकत होती, वेळेवर झाले तर अभ्यास करणे भाग होते. काहीच ठरत नसल्याने दोन्ही गोष्टी अर्धवट राहिल्या. तिचे ते ओशाळलेपण, जणू घरावर आपलाच भार पडला आहे असे वागणे, मी विसरलेलो नाही.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे मांडणार आहे ते वाचून कुणी म्हणेल की या माणसाला संपाची झळ लागलेली दिसत नाही. झळ लागलेली आहे. परीक्षेला वेठीला धरणे मला तेव्हा चुकीचे वाटले, आजही वाटते. पण त्या संपातून आपल्या समाजाने जो धडा घेतला आणि जो आज वर्तमानपत्राच्या अग्रलेखापासून हरसूलच्या आठवडे बाजारापर्यंत सगळीकडे ऐकू येतो, तो धडा चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे नीट पाहू.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायला हवा. तो असा. उच्च शिक्षण खालावले याचे मोठे कारण प्राध्यापकांचे वारंवार होणारे संप. सातव्या वेतन आयोगाने सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सुरुवातीलाच दरमहा ५७,७०० रुपये केले. एवढा पगार घेणाऱ्याने, ज्यांच्या घरात महिन्याला दहा हजार येत नाहीत अशा मुलांचे वर्ष धोक्यात घालणे अनैतिक आहे. सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटले आहेच. तेव्हा उपाय तीन: संपाला कायद्याने बंदी आणि मेस्मा (अत्यावश्यक सेवा कायदा), संपाच्या दिवसांचा पगार कापणे, आणि कायम नोकरीऐवजी कंत्राटी किंवा खासगी व्यवस्था. नोकरीची शाश्वती गेली की शिस्त येईल, शिस्त आली की शिक्षण सुधारेल.

या पक्षात खरे किती आहे? संपाने मुलांचे नुकसान होते, हे खरे. गरीब घरच्या मुलांचे अधिक होते, हेही खरे. पण मुख्य कारण संप आणि मुख्य उपाय बंदी, ही दोन्ही विधाने तपासली की टिकत नाहीत.

कारणापासून सुरुवात करू. मुलांचे वर्ष वाया जाणे हाच निकष असेल, तर २०१७ चे मुंबई विद्यापीठ पाहा. त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली गेली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, राज्यपालांनी दिलेली मुदत उलटली, परदेशी आणि परराज्यांत प्रवेश घेतलेल्या मुलांची कोंडी झाली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. गेल्या काही दशकांतल्या या सर्वांत मोठ्या निकाल-गोंधळात संप कुठेच नव्हता.

आता दिवसांचा हिशेब करू. २०१३ चा बहिष्कार ४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १० मे रोजी मागे घेतला गेला. हे झाले ९६ दिवस. २५ मे २०१७ रोजी राज्य शासनाने नोकरभरती थांबवली. सुधारित आकृतिबंध मंजूर होईपर्यंत नवी पदे भरायची नाहीत, असे ठरले. अनुदानित महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी मिळाली ती ३ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने. मधले दिवस ५२७. या ५२७ दिवसांत जो प्राध्यापक निवृत्त झाला, त्याची खुर्ची तशीच राहिली. परवानगी मिळाली तीही रिक्त जागांपैकी ४० टक्क्यांना, म्हणजे ३,५८० पदांना. हिशेब उलटा केला तर त्या वेळच्या रिक्त जागा नऊ हजारांच्या आसपास येतात. उरलेल्या ६० टक्के जागा रिकाम्याच ठेवायच्या, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. त्यात मे २०२० मध्ये करोनाच्या कारणाने पुन्हा भरतीबंदी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ३,५८० पैकी न भरलेल्या २,०८८ पदांना नव्याने मान्यता द्यावी लागली. तीन वर्षांत भरली गेली ती दीड हजाराच्या आत.

शिक्षक वर्गात नसणे याला आपण संप म्हणतो. मग ज्या वर्गात शिक्षक वर्षानुवर्षे नेमलाच जात नाही, तिथे काय चालू असते? तोही संपच आहे. तो कुणी पुकारलेला नाही, त्याची नोटीस कुणी दिलेली नाही, त्यावर अग्रलेख येत नाहीत आणि न्यायालय त्याला स्थगिती देत नाही. तो मागे घेतला जाण्याचा दिवसही ठरलेला नसतो.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते: जागा रिकामी असली तरी तास रिकामे नसतात, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, प्राध्यापक नेमले जातात. हे उत्तर कागदावर बरोबर आहे, म्हणून ते सोडवून पाहायला हवे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा आठवडा ४० तासांचा असतो आणि त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास देता येतात, म्हणून एका रिकाम्या पदावर दोघांची वर्णी लागते. नऊ आणि नऊ अठरा. १६ तासांची भरपाई झाली, वर दोन उरले, असे सहसंचालक कार्यालयाच्या तक्त्यात दिसते. पण बाकीचे २४ तास कुठे गेले? त्या २४ तासांत ग्रंथालयात बसलेल्या मुलाची शंका सुटायची असते, प्रकल्प तपासायचा असतो, एनएसएसचे शिबिर व्हायचे असते, शिष्यवृत्तीचा अर्ज का अडला ते पाहायचे असते. शासनाने ते तास विकत घेतलेले नाहीत. पदवीचा तासाचा दर २०२३ साली ९०० रुपये झाला. आठवड्याचे नऊ तास आणि महिन्याचे चार आठवडे एकही सुट्टी न धरता मोजले, तर ३२,४०० रुपये होतात. प्रत्यक्षात दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, यांत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, पुन्हा विद्यापीठाची मान्यता. सेट किंवा नेट झालेला, बहुधा पीएच.डी.ही केलेला माणूस दर जूनमध्ये नव्याने उमेदवार होतो.

नाशिक शहरातल्या महाविद्यालयात हे निभून जाते. तिथल्या मुलाच्या घरी शिकलेली माणसे असतात, गल्लीत क्लास असतात, ओळखीत कुणी अधिकारी असतो. हरसूलकडे या. वाघेऱ्याचा घाट ओलांडला की नागली-वरईचे उतार, भाताची खाचरे आणि त्यांच्यामधून विखुरलेले पाडे लागतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, काथोडी घरांतली मुले महाविद्यालयात येतात तेव्हा त्यांतली बहुतेक घराण्यातली पहिली असतात. पुस्तकातली मराठीही घरच्या बोलीपेक्षा वेगळी असते, इंग्रजीची तर गोष्टच सोडा. या मुलाला वर्गातला तास लागतोच, पण तास संपल्यावर व्हरांड्यात थांबलेला शिक्षक त्याहून अधिक लागतो. एम.ए.ला कुठे जायचे, वसतिगृहाचा अर्ज कधी भरायचा, जात पडताळणीला कोणते कागद लागतात, स्पर्धा परीक्षा द्यायची की बी.एड. करायचे, हे सांगणारा दुसरा माणूस त्याच्या आसपास नाही. तासिकेवरचा प्राध्यापक मनाने चांगला असला, आणि बहुतेक असतात, तरी तास संपताच त्याला जीप पकडावी लागते. दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात दुसरे नऊ तास नसतील तर क्लास असतो, क्लास नसेल तर शेती. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या फलकावर मी वेळापत्रक पाहिले. काही चौकटींत प्राध्यापकांची आद्याक्षरे होती. बऱ्याच चौकटींत नुसते 'सीएचबी' लिहिले होते. त्या चौकटीला नाव नव्हते.

म्हणून मी म्हणतो की संपाने गेलेले दिवस मोजणारे लोक चुकीच्या ठिकाणी मोजत आहेत. भाचीच्या आयुष्यातले ९६ दिवस संपाने अस्थिर केले. पण तिच्या तीन वर्षांत तिला एका विषयाला सलग दोन वर्षे तोच शिक्षक कधी मिळाला नाही, ही तक्रार तिने कधी केली नाही. हे असेच असते असे तिला वाटत होते.

आता उपायाकडे. पगार कापला की संप थांबतात का? २०१३ मध्ये ७१ दिवसांचा पगार रोखला गेला. पाच वर्षांनी, २५ सप्टेंबर २०१८ पासून महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने पुन्हा काम बंद आंदोलन केले. त्याच्या मागण्यांत रिक्त जागा भरण्याची मागणी होती आणि त्याच ७१ दिवसांच्या पगाराचीही होती. शिक्षेने संप संपला नाही, पुढच्या संपाचे एक कलम तयार झाले. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. ५२७ दिवस बंद असलेली भरती उघडणारा शासन निर्णय त्या आंदोलनानंतर सहा आठवड्यांच्या आत निघाला. यातून प्राध्यापक काय शिकले असतील? निवेदनाने काही होत नाही, संपाने होते. हा धडा त्यांना संघटनेपेक्षा व्यवस्थेने शिकवला.

२०१३ च्या मुळाशीही असाच विलंब होता. सहावा वेतन आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू व्हायचा होता. वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा ३१ मार्च २०१० पर्यंत केंद्र देणार होते, पण आधी राज्याने द्यायचे आणि मग केंद्राकडून परतावा घ्यायचा, या चक्रात थकबाकी वर्षानुवर्षे अडकली. दुसरा प्रश्न नेट-सेटचा. १९ सप्टेंबर १९९१ नंतर नेट किंवा सेट सक्तीची झाली. पण त्यानंतरच्या दशकात पात्र उमेदवार पुरेसे मिळत नव्हते, ग्रामीण भागात तर फारच कमी, म्हणून महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी त्या पात्रतेविना शिक्षक नेमले आणि वापरले. त्यांच्या सेवेचे काय करायचे हे ठरवायला २७ जून २०१३ चा शासन निर्णय यावा लागला. दहा-वीस वर्षे एक निर्णय टेबलावर ठेवायचा आणि स्फोट झाल्यावर स्फोटालाच रोग म्हणायचे, हा न्याय नव्हे.

बाहेरचे उदाहरण हवे असेल तर नायजेरियाचे घ्या. तिथल्या विद्यापीठ शिक्षकांच्या संघटनेने २००९ मध्ये सरकारशी करार केला. तो पाळला गेला नाही, या मुद्द्यावर नंतरची बहुतेक आंदोलने झाली. २०२० मध्ये मार्चपासून डिसेंबरपर्यंत, आणि २०२२ मध्ये १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर, अशी विद्यापीठे बंद राहिली. सरकारने 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व कठोरपणे लावले, पण त्याने प्रश्न मिटला नाही. १९९९ पासून तिथे खासगी विद्यापीठांना परवानगी आहे आणि आज ती शंभराहून अधिक आहेत. तरीही बहुसंख्य मुले सरकारी विद्यापीठांतच शिकतात, कारण खासगी शुल्क त्यांना परवडत नाही. पैसेवाल्यांची मुले संपातून सुटली. संप मात्र राहिला, फक्त गरिबांच्या वाट्याला.

खासगीकरणाचा प्रयोग महाराष्ट्राने तर चाळीस वर्षांपूर्वीच केला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. २४ नोव्हेंबर २००१ नंतरच्या नव्या महाविद्यालयांना 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का बसला. हे औषध आदिवासी पट्ट्याला लागू पडले असते तर एव्हाना दिसले असते. पेठ-सुरगाण्याकडे शिक्षण पोहोचवले ते दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी, आणि ते टिकले अनुदानावर. इथल्या पालकाकडून शुल्क गोळा करून प्राध्यापकाचा पगार भागवता येईल असे ज्याला वाटते, त्याने एकदा जानेवारीत इथे यावे आणि किती घरांना कुलूप आहे ते पाहावे. माणसे मजुरीला बाहेर असतात.

राहिला कंत्राटीपणा. शाश्वती नसलेला माणूस आंदोलन करत नाही, हे गृहीतक तरी खरे आहे का? २०२५ च्या जुलैत नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतल्या रोजंदारी शिक्षक-कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन सुरू केले. वर्षानुवर्षे आम्ही शिकवले आणि आता आमच्या जागी बाह्यस्रोताने, म्हणजे ठेकेदार कंपनीमार्फत माणसे घेणार, हा त्यांचा आक्षेप होता. ती माणसे कायम नव्हती, त्यांना मोठा पगार नव्हता, तरी पाऊसपाण्यात ती रस्त्यावर राहिली. आमच्या महाविद्यालयांत येणारी मुले त्याच आश्रमशाळांतून येतात. म्हणजे आठवीतही तात्पुरता शिक्षक आणि बी.ए.लाही तात्पुरता शिक्षक. शाश्वती काढून घेतली की शांतता येते, ही समजूत नाशिकच्याच रस्त्यावर खोटी ठरली आहे.

इथवर खंडन. पण प्राध्यापक संघटनांचे दोष झाकले तर हे लिखाण वकिली ठरेल. २०१३ च्या मागण्यांचा गाभा कायम प्राध्यापकांच्या वेतनाचा आणि सेवेचा होता, तासिकेवरच्या सहकाऱ्याचे दुःख त्यात मागे राहिले. एकाच खोलीत बसून एकच विषय शिकवणारे दोघे, एकाला लाखभर आणि दुसऱ्याला तासाचे नऊशे, ही विषमता संघटनेच्या पहिल्या ओळीत असायला हवी होती. वर्गच न घेणारे काही जण प्रत्येक महाविद्यालयात सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्याबद्दल संघटना मौन पाळते. आणि परीक्षा हे हत्यार उगारले की वार शासनाला लागत नाही, माझ्या भाचीला लागतो. नैतिक बळ तिथेच संपते. जागांच्या भरतीत पैसे मागितले जातात ही कुजबुज ज्या राज्यात सगळीकडे आहे, तिथे शिक्षकांच्या संघटनेने त्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज काढायला हवा.

मग आपला पक्ष काय? त्याचा गाभा देवाणघेवाणीचा आहे: शासनाने मुदत पाळायची आणि प्राध्यापकांनी परीक्षा सोडायची.

पहिले, जागा. प्राध्यापक निवृत्त कधी होणार हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठरलेले असते, कारण जन्मतारीख बदलत नाही. निवृत्तीच्या सहा महिने आधी जाहिरात निघावी आणि प्रत्येक जागेसाठी वित्त विभागाची वेगळी परवानगी लागू नये, अशी कायद्यातच तरतूद हवी. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अशी दुरुस्ती करणे अवघड नाही. निवडीचे गुण, मुलाखतीसह, त्याच दिवशी जाहीर व्हावेत, म्हणजे कुजबुजीला जागा उरणार नाही. भरतीचा क्रम लावताना त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा असे तालुके आधी घ्यावेत, कारण तिथे पर्यायी आधार नाही.

दुसरे, तासिका तत्त्व. एखाद्याच्या आजारपणात किंवा रजेत तासापुरता माणूस नेमणे समजू शकते. मंजूर आणि रिकाम्या पदावर ते एका वर्षापेक्षा अधिक चालता कामा नये. जे वर्ष चालेल, त्यात वर्गाबाहेरच्या कामाचेही मासिक मानधन ठरलेल्या तारखेला मिळावे. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि विषयांची नवी मांडणी आणली आहे. विषय वाढवायचे आणि शिक्षक तासावर मोजायचे, यातून हरसूलच्या मुलाला पर्याय मिळत नाहीत. प्रवेश अर्जावरची लांबलचक यादी तेवढी मिळते.

तिसरे, तंटा. वेतन आयोग केव्हा येतो, केंद्राचा वाटा किती, हे अचानक घडत नाही. सातव्या आयोगाची वेतनश्रेणी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केली आणि राज्याचा निर्णय ८ मार्च २०१९ रोजी आला, लागू झाली १ जानेवारी २०१६ पासून. असा उशीर यापुढेही होईल, म्हणून वाद ऐकायला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली लवाद असावा, त्याने ९० दिवसांत निर्णय द्यावा आणि तो दोन्ही बाजूंवर बंधनकारक असावा. बैठकीत मान्य झालेले मुद्दे इतिवृत्तात पडून राहू नयेत, विधिमंडळापुढे ठेवले जावेत.

चौथे, त्याच्या बदल्यात प्राध्यापकांनी लिहून द्यावे की परीक्षा, उत्तरपत्रिका आणि निकाल यांना आंदोलनात हात लागणार नाही, आणि आंदोलनात बुडालेले तास सत्र संपण्याआधी भरून दिले जातील. वर्गातली हजेरी आणि विद्यार्थ्यांचे मत महाविद्यालयाने जाहीर करावे, त्याला संघटनेने विरोध करू नये. ज्याला दिलेला शब्द वेळेवर पाळला जाणार आहे, त्याला शस्त्र खाली ठेवायला सांगता येते. आज आपण शब्द न पाळता शस्त्र मागतो आहोत.

यावर खर्चाचा प्रश्न येईल. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. ते आजवर झालेले नाही. पण इथे नवा पैसा फारसा मागितलेलाच नाही. ज्या पदांची मी चर्चा करतो आहे ती मंजूर पदे आहेत. ती रिकामी ठेवून दरवर्षी जी बचत दिसते, तिची किंमत वाघेरा घाटापलीकडची मुले भरत आहेत, आणि ती कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

माझी भाची पदवीधर झाली. पुढे शिकायचे होते, पण कुठे आणि कसे हे विचारायला तिला कुणी सापडले नाही. मी होतो, पण मला ते माहीत नव्हते. संप संपून तेव्हा महिने झाले होते, महाविद्यालय नियमित सुरू होते, फलकावर वेळापत्रक लागलेले होते. तिच्या विषयाच्या चौकटीत तेव्हाही नाव नव्हते. पुढचा संप कसा टाळायचा यावर चर्चा करणाऱ्यांनी आधी त्या चौकटीत एक नाव लिहावे.